समुद्राकाठच्या वाडीतली विहीर मचूळ होतेय. तीनशे फूट बोअर घ्यावा का?

सातपूरकर | ९ मार्च, रात्री ९:१०

नमस्कार मंडळी. राहतो नाशकात, पण प्रश्न समुद्राकाठचा आहे. तेव्हा इथल्या विहीर-बोअरवाल्यांबरोबर किनाऱ्याशी नातं असलेल्यांनीही लक्ष घालावं.

डहाणूच्या बाजूला माझ्या आत्याची वाडी आहे. समुद्र चालत दहा मिनिटांवर, मागच्या अंगाला खाडीचा फाटा. नारळ, थोड्या पोफळी, बाकी सगळे चिकू. पंचवीसेक फुटांची बांधीव विहीर, आत्याच्या सासऱ्यांच्या वेळची. रहाट गेला, तीन एचपीची मोटर आली, ती जाऊन पाचाची आली. गेली काही वर्षं होळी झाली की पाणी मचूळ लागायला लागतं. वैशाखात तर चहा फाटतो, डाळ शिजत नाही. मिरगाचा पाऊस दोन-चारदा पडला की परत गोड. यंदा होळी व्हायच्या आतच पोफळींच्या पानांचे शेंडे करपलेत.

आतेभाऊ मुंबईत असतो. त्याचं म्हणणं, तीनशे फूट बोअर मारून मोकळं व्हायचं. गाडी सांगून ठेवलीय. शेजाऱ्याने बोअर घेतला होता, पहिल्या उन्हाळ्यात गोडं पाणी लागलं, दुसऱ्या उन्हाळ्यात ते त्याने बागेला द्यायचं बंद केलं. तरी भाऊ म्हणतो, त्याची जागा चुकली. आत्या म्हणते पैसे घालवू नका, घरापुरतं आरओ बसवा, वाडीचं देव बघेल. मी मधल्यामध्ये. बोअर, आरओ, की पोफळी काढून नुसते नारळ ठेवायचे?

पंचवटी_एक्सप्रेस | ९ मार्च, रात्री ९:२२

नाशिककरांना विचारलंत म्हणजे उत्तर ठरलेलंच. पाचशे फूट मारा. नाही लागलं तर शेजारी अजून एक मारा. :)

निफाडचा_बागायतदार | ९ मार्च, रात्री ९:५०

राम राम. पंचवटी भाऊंनी चेष्टा केली पण खोटं नाही बोलले. आमच्या गल्लीत असे लोक आहेत.

सातपूरकर, आधी पाणी तपासा. "मचूळ लागतं" यावर औषध सांगता येत नाही. आमच्याकडचा द्राक्षवाला स्वतःचं बीपी सांगू शकणार नाही, पण बोअरच्या पाण्याचा ईसी, म्हणजे पाण्यात क्षार किती ते सांगणारा आकडा, त्याला झोपेत विचारा. गोदाकाठी खाली चोपण जमिनी झाल्या, पाणी खारं झालं, तेव्हाच आम्ही खारं सोसणाऱ्या डॉगरिज खुंटावर द्राक्षाची कलमं करायला लागलो. पेनासारखा मीटर मिळतो, खिशात राहतो. तो घ्या आणि मोटर चालू करायच्या आधी एकदा, दोन तास चालल्यावर एकदा, असं मोजा. आकडे इथं टाका, मग बोलू.

भूजलवाला | ९ मार्च, रात्री १०:३५

सातपूरकर, गाडी थांबवा. निदान हा उन्हाळा संपेपर्यंत.

भूजलाच्या कामातच माझी नोकरी झाली, आता इंदिरानगरात निवृत्त आहे. किनाऱ्यावर आपला घाटावरचा हिशेब उलटा होतो. इथे पाणी आटलं की आपण खाली जातो. तिथे खाली समुद्र आहे. पावसाचं मुरलेलं पाणी हलकं, समुद्राचं जड, त्यामुळे गोडं पाणी खाऱ्यावर दुधावरच्या सायीसारखं तरंगत असतं. दोहोंच्या घनतेत फरक जेमतेम अडीच टक्क्यांचा. त्यावरून हॉलंडच्या आणि जर्मनीच्या दोन अभियंत्यांनी, १८८९ आणि १९०१ साली, एकमेकांना न विचारता एकच ठोकताळा काढला: भूजलाची पातळी समुद्रसपाटीच्या एक फूट वर असेल, तर गोड्या पाण्याचा थर समुद्रसपाटीखाली साधारण ४० फूट जातो.

ऐकायला बरं वाटतं ना? आता तेच उलटं वाचा. उपसून उपसून पातळी एक फूट खाली आणलीत, तर खारं पाणी कालांतराने ४० फूट वर सरकू शकतं. शिवाय मोटरच्या बरोबर खाली ते शंकूसारखं वर चढतं. मोटर जितकी मोठी आणि जितका वेळ सलग चालेल, तितका शंकू उंच. बंद केली की सावकाश खाली बसतो, पण पूर्ण बसत नाही.

आणि समुद्र फार लागत नाही हो. समुद्राच्या पाण्यात लिटरला १९ हजार मिलिग्रॅमच्या आसपास क्लोराइड असतं. पिण्याच्या पाण्यात ते २५० पर्यंत असावं असं भारतीय मानक सांगतं, दुसरी सोयच नसेल तर १००० पर्यंत. शंभर लिटरमध्ये दोन लिटर समुद्र मिसळला की पहिली मर्यादा गेली, पाच लिटर मिसळला की दुसरी आली.

तुमच्या शेजाऱ्याची जागा चुकली नाही. खोली चुकली.

सिडकोची_सई | ९ मार्च, रात्री १०:४१

वाचनखूण साठवली. काका, तुम्ही रोज लिहीत जा.

कळवणकर | १० मार्च, सकाळी ७:१५

भूजलवाले काकांचा मान राखून असहमत. हे सायीचं गणित वाळूत चालतं. डहाणूला काय, कोकणात काय, वर थोडी माती-रेती आणि खाली आपल्यासारखाच काळा पाषाण. तीनशे फुटांवर कातळात समुद्र कुठून येणार? माझ्या मेहुण्याचा पालघरकडे बोअर आहे, अडीचशे फूट, पाणी आजही गोड. केसिंग (बोअरच्या वरच्या भागातला पाइप) नीट टाका, वरचं खारं पाणी बंद करा, काम झालं.

भूजलवाला | १० मार्च, सकाळी ९:०५

कळवणकर, अर्धं बरोबर बोललात. १:४० हे वाळूचंच गणित, बेसाल्टमध्ये ते तसंच्या तसं लागू होत नाही. पण तुम्हाला वाटतं त्यापेक्षा गोष्ट वाईट आहे. कातळात पाणी भेगांतून आणि दोन थरांच्या सांध्यांतून फिरतं. तुमच्या बोअरला लागलेली भेग डोंगराकडून आली असेल तर मेहुण्यांसारखं नशीब. खाडीकडे उघडत असेल तर समुद्राला नळ जोडल्यातच जमा. आणि ते मारल्याशिवाय कळत नाही.

हरलात तरी भोक तिथेच राहतं. खालचं खारं पाणी त्याच भोकातून वरच्या गोड्या थरात येऊ शकतं, म्हणजे चांगली विहीरही बिघडली. बिघडलेला बोअर सिमेंटने किंवा शाडूसारख्या मातीने नीट बुजवावा लागतो. बुजवलेला मी फार क्वचित पाहिलाय. सगळे वर एक दगड ठेवतात आणि विसरतात.

पंचवटी_एक्सप्रेस | १० मार्च, सकाळी ९:२०

पाणाडी बोलवा की. नारळाच्या वाडीत नारळ हातावर घेऊन फिरेल, कुठला नारळ उभा राहिला ते शोधायला दुसरा पाणाडी.

वसईची_माहेरवाशीण | १० मार्च, दुपारी २:३०

हा धागा वाचून राहवलं नाही. माझं माहेर वसईतलं, सासर नाशिकरोड.

आमच्या लहानपणी प्रत्येक वाडीच्या आसपास बावखल असायचं. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: बावखल म्हणजे वाडीत खणलेलं छोटं तळं. पावसाचं पाणी त्यात साठायचं, त्यातूनच वाडीला शिंपणं व्हायचं आणि उरलेलं आजूबाजूच्या विहिरींना झिरपायचं. त्यात मासे असायचे, मुलं पोहायची. कुणी "भूजल पुनर्भरण" म्हणत नव्हतं. मग नळ आले, जमिनीला भाव आला. पाण्याखाली गेलेल्या गुंठ्याचे पैसे दिसायला लागले आणि एकेक बावखल भरणी टाकून बुजलं.

त्याच सुमारास टँकर. गावातल्या विहिरींचं पाणी नव्या इमारतींना विकायचा धंदा झाला. विहीर ज्याची त्याच्या नावावर, पण खालचं पाणी सगळ्या गावाचं. विकणाऱ्याला पैसे मिळाले आणि न विकणाऱ्याच्या केळी करपल्या. फादर फ्रान्सिस दिब्रिटो आणि हरित वसई संरक्षण समितीचं आंदोलन आठवत असेल जुन्या लोकांना. साहित्य संमेलनाचे अध्यक्ष म्हणून लोक त्यांना ओळखतात, आमच्याकडे त्याआधी पाण्यासाठी आणि हिरव्या वसईसाठी रस्त्यावर उतरलेले फादर म्हणून.

सातपूरकर, आत्याबाईंना विचारा, त्यांच्या वाडीजवळ कधी तळं किंवा खड्डा होता का. आमच्याकडे जिथे बावखल टिकलं तिथल्या विहिरी जास्त दिवस गोड राहिल्या, हे मी डोळ्यांनी पाहिलंय.

सातपूरकर | १० मार्च, रात्री ८:४५

ताई, आत्ताच फोन केला. होतं! विहिरीच्या वरच्या बाजूला एक डबकं होतं, म्हशी बसायच्या. भावाच्या लग्नाच्या मांडवासाठी मुरूम टाकून सपाट केलं. आता तिथे गाड्या लावतात.

गाडीवाल्याला "कळवतो" म्हणून सांगितलंय. भाऊ नाराज.

सुरगाण्याचा_मास्तर | १० मार्च, रात्री ९:३०

कोकणाची कीव करू नका, नाशिक जिल्ह्यातच कोकण आहे. पेठ-सुरगाण्यात दोन हजार मिलिमीटरच्या घरात पाऊस. इगतपुरीत त्याहून जास्त. आणि एप्रिलमध्ये बाया हंडे घेऊन दरीत उतरतात. उतार तीव्र, माती पातळ, खाली घट्ट कातळ. जूनमध्ये पडलेला पाऊस कधी गेला हे श्रावणात आठवत नाही. नार, पार, अंबिका, औरंगा सगळ्या पश्चिमेला गुजरातेत जाऊन समुद्राला मिळतात. सगळं पाणी वाया.

गंगापूर_रोड | १० मार्च, रात्री ९:४८

म्हणून तर नार-पार-गिरणा नदीजोड हवं. समुद्राला फुकट जाणारं पाणी वळवा.

येवलेकर | १० मार्च, रात्री ९:५५

गंगापूर रोडवाल्यांनी पाणी वळवण्यावर बोलू नये. आम्हाला तुमच्या कालव्याचं आवर्तन कधी येतं ते विचारा.

गंगापूर_रोड | १० मार्च, रात्री १०:०२

आणि जायकवाडीला सोडतो ते?

संपादक | १० मार्च, रात्री १०:१०

नाशिक-अहिल्यानगर-मराठवाडा पाणीवाटपाला वेगळा धागा आहे, चारशे प्रतिसादांचा. तिकडे जा. इथे समुद्र.

भूजलवाला | ११ मार्च, सकाळी ८:२०

संपादकांची माफी मागून, मास्तरांच्या एका शब्दावर. समुद्राला जाणारं सगळं पाणी वाया नसतं. नदीचं आणि जमिनीखालचं जे गोडं पाणी सतत समुद्राकडे ढकललं जातं, तेच खाऱ्या पाण्याला जागेवर रोखून धरतं. ते शून्यावर आणलं की समुद्र आत येतो, जमिनीखालून. वर नदीवर धरण झालं आणि खाडीत उन्हाळ्यात गोडं पाणी यायचं थांबलं, तर भरतीचं पाणी खाडीतून कितीतरी आतवर जातं. सातपूरकरांच्या आत्याला समोरच्या समुद्रापेक्षा मागच्या खाडीची भीती जास्त आहे असा माझा अंदाज.

वेरावळ_रिटर्न | ११ मार्च, दुपारी १२:४०

नोकरीनिमित्त काही वर्षं सौराष्ट्राच्या किनाऱ्यावर होतो. आत्ता अंबडला आहे. भूजलवाले जे म्हणतात ते तिथे अख्ख्या किनाऱ्यावर घडलं.

उना ते माधवपूर हा पट्टा एके काळी हिरवागार, चोरवाड-मांगरोळकडची पानमळ्यांची नि नारळाची गावं. तिथला खडक चुन्याचा, सच्छिद्र, पाणी भराभर देणारा. साठच्या दशकापासून इंजिनं आणि मोटरी आल्या, लोकांनी मनसोक्त उपसलं. खडक जसा गोडं पाणी पटकन देतो, तसाच खारंही पटकन देतो. काही किलोमीटर आतपर्यंत विहिरी खाऱ्या झाल्या. गुजरात सरकारने १९७६ आणि १९७८ मध्ये उच्चस्तरीय समित्या नेमल्या. त्यानंतर नद्यांच्या मुखाशी भरतीचं पाणी अडवणारे दरवाजे, बंधारे, पुनर्भरणाच्या विहिरी, किनाऱ्याला समांतर कालवे अशी कामं सुरू झाली. ती अजून चालूच आहेत.

मला तिथे एका म्हाताऱ्या शेतकऱ्याने सांगितलेलं: खारं यायला दहा वर्षं लागली, जायला माझा नातू लागेल.

सिडकोची_सई | ११ मार्च, दुपारी १:०५

चेन्नईत असताना आमच्या इमारतीत पावसाचं पाणी साठवायची टाकी आणि मुरवायचा खड्डा दोन्ही होतं, २००३ पासून तिथे ते सगळ्यांना सक्तीचं आहे. शहराच्या उत्तरेला मिंजूर म्हणून भाग आहे. तिथल्या विहिरींतून वर्षानुवर्षं उपसा झाला आणि समुद्र आत शिरला. मग त्याच मिंजूरला २०१० मध्ये समुद्राचं पाणी गोडं करायचा कारखाना उभा राहिला. आधी फुकटचं गोडं पाणी संपवलं, मग विकतचं केलं.

दोनबंगलेवाला | ११ मार्च, दुपारी ३:१५

सगळे शेतकरी साधू आणि बाहेरचे चोर, असा सूर लागायच्या आत सांगतो. माझं किनाऱ्यावर छोटं घर आहे, पाहुण्यांना भाड्याने देतो. पोहण्याचा हौद आहे. हो, बोअरही आहे. पण बाग भिजवायला लागतं त्याच्या पावपटही पाणी मी वापरत नाही. चिकूची वाडी पाटाने भिजवणारे दिवसभर मोटर चालू ठेवतात, त्यांना कुणी बोलत नाही.

वसईची_माहेरवाशीण | ११ मार्च, दुपारी ३:४०

दादा, वाडीला दिलेल्या पाण्यातलं थोडं तरी परत जमिनीत जातं. तुमच्या हौदातलं क्लोरीनवालं कुठे जातं?

दोनबंगलेवाला | ११ मार्च, दुपारी ३:५२

गटारात. आणि गटार खाडीत. ठीक आहे, मुद्दा पोचला. पण पाटपाण्याचाही मुद्दा घ्या.

निफाडचा_बागायतदार | ११ मार्च, सायंकाळी ६:३०

बंगलेवाल्यांचा पाटपाण्याचा मुद्दा मला पटतो. झाड पाटातलं सगळं पाणी पीत नाही. ठिबक करा, चिकूला चालतं. नारळाच्या बुंध्याभोवती सोडणं (नारळाची वरची सालं) पुरा, ओल धरतात. तिकडे सोडणांना काय तोटा.

आणि आम्हीही साधू नाही. सरकारी अनुदानावर शेततळी खोदली, प्लास्टिक अंथरलं, आणि पावसाचं पाणी धरायचं सोडून बोअरचं पाणी उपसून त्यात भरलं. जमिनीखाली सावलीत होतं ते उन्हात आणून ठेवलं. माझंही आहे तसलं एक.

वकीलसाहेब_सीबीएस | ११ मार्च, रात्री ९:००

कायद्याचं कुणीच बोललं नाही म्हणून.

पहिलं, किनारा नियमन क्षेत्र. २०११ च्या अधिसूचनेनुसार भरतीरेषेपासून २०० मीटरच्या आत भूजल उपसायला बंदी, अपवाद स्थानिक वस्तीच्या स्वतःच्या वापराचा. २०० ते ५०० मीटरमध्ये साध्या विहिरीतून, हाताने ओढून, तेही पिणं, बाग, शेती, मासेमारी यांसाठी आणि दुसरा स्रोत नसेल तरच. २०१९ मध्ये नवी अधिसूचना आलीय, तेव्हा आत्याबाईंचा गट नंबर कुठल्या पट्ट्यात पडतो ते नकाशावर बघून घ्या. "समुद्र दहा मिनिटांवर" हे मोजमाप नव्हे. आणि भरतीचं पाणी खाडीत जिथवर येतं तिथवर खाडीकाठालाही हे नियमन आहे, फक्त पट्टा अरुंद.

दुसरं, महाराष्ट्राचा भूजल कायदा. २००९ चा, अंमल २०१४ पासून. त्यात ६० मीटरपेक्षा जास्त खोल ती "खोल विहीर" आणि तिच्यावर बंधनं आहेत. तीनशे फूट म्हणजे ९० मीटरच्या पुढे. गाडीवाला हे सांगणार नाही, त्याला फुटावर पैसे मिळतात.

कळवणकर | ११ मार्च, रात्री ९:१२

वकीलसाहेब, हा कायदा पाळणारा एक माणूस दाखवा, त्याचा सत्कार करू.

वकीलसाहेब_सीबीएस | ११ मार्च, रात्री ९:१५

सत्काराला मला बोलवा. आणि शेजाऱ्याने तक्रार केली की मलाच बोलवा.

सटाण्याचा_सोनू | १२ मार्च, सकाळी १०:५०

मोसम नदीवर आमच्याकडे फड पद्धत होती, काही ठिकाणी अजून आहे. नदीवर छोटा बंधारा, त्यावरून पाट, आणि जमिनीचे फड पाडलेले. कुठल्या फडात यंदा ऊस, कुठल्यात भुसार, कुठला कोरडा, हे गावाने ठरवायचं. पाणी सोडायला पाटकरी. तीनशेहून जास्त वर्षं चाललं. पाणी कमी असेल तर सगळ्यांनाच कमी. हिवरे बाजारात तर शेतीसाठी बोअरच बंद, पाण्याचा ताळेबंद मांडून पीक ठरतं. किनाऱ्यावरच्या गावांनी असं का करू नये?

दोनबंगलेवाला | १२ मार्च, सकाळी ११:३०

कारण पाटातलं पाणी दिसतं, जमिनीखालचं दिसत नाही. माझ्या बोअरने कुणाची विहीर खारी झाली हे सिद्ध कोण करणार?

भूजलवाला | १२ मार्च, दुपारी १२:१५

मीटर करणार. गावातल्या दहा-पंधरा विहिरींचं पाणी दर पंधरवड्याला मोजायचं, पातळी आणि क्षार दोन्ही. देवळाच्या भिंतीवर फळा लावून लिहायचं. एका वर्षात कोण कुणाला ओढतंय ते शाळेतलं पोरगंही सांगेल. सरकारी भूजल यंत्रणेच्या निरीक्षण विहिरी असतात, पण त्या गावागणिक नसतात.

सोनू, फडाची आठवण चांगली काढलीत. फरक एवढाच की तिथे पाणी संपतं तेव्हा पुढच्या वर्षी परत येतं. इथे संपतं तेव्हा त्याच्या जागी दुसरं येऊन बसतं.

सातपूरकर | १६ मार्च, रात्री ८:२०

आकडे आणलेत. शनिवारी त्र्यंबक-जव्हारमार्गे गेलो, भावालाही बोलावून घेतलं.

पहाटे मोटर लावायच्या आधी टीडीएस (विरघळलेले क्षार, लिटरला मिलिग्रॅम) ८८० च्या आसपास. दोन तास चालल्यावर १७०० च्या वर. बंद करून संध्याकाळी पाहिलं तर ११५०. शिवाय भावानेच एक डोकं लढवलं: बाटलीला दगड बांधला, बुचाला वेगळी दोरी, आणि विहिरीच्या तळाशी नेऊन बूच ओढलं. तळाचं २३००, वरचं ९००. एकाच विहिरीत! भाऊ गप्प बसला. मोटरचा फूटव्हॉल्व्ह, म्हणजे पाणी ओढणाऱ्या पाइपचं खालचं तोंड, तळापासून हातभर वर आहे.

शेजाऱ्याच्या बोअरचं मोजलं, मीटरने शेवटचा आकडा दाखवून हात टेकले.

निफाडचा_बागायतदार | १६ मार्च, रात्री ८:३५

मीटर तुमचा लहान आहे. :) पण हा धागा आता खरा सुरू झाला.

भूजलवाला | १६ मार्च, रात्री ९:२५

आतेभावाला माझा नमस्कार सांगा. बाटलीचा प्रयोग नोकरीत आम्हीही केला आहे, फक्त आमच्या बाटलीला सरकारी नाव होतं.

तुमची साय शाबूत आहे, तुम्ही ती खालून ओरबाडताय. फूटव्हॉल्व्ह वर घ्या, पाण्याच्या पृष्ठभागाखाली तीन-चार फुटांवर, तरंगत्या पिंपाला बांधा म्हणजे पातळीबरोबर खाली-वर होईल. पाचाची मोटर काढा, एक किंवा दीड एचपी पुरे. अर्धा-पाऊण तास चालवायची, तीन-चार तास विश्रांती. टाकीत साठवा आणि टाकीतून ठिबकला द्या. वाडी मोठी असेल तर एकाच विहिरीवर ताण देण्यापेक्षा दूरदूर दोन-तीन उथळ खड्डे-विहिरी बऱ्या. आंध्रच्या किनाऱ्यावर बापटलाकडे वाळूत उथळावर आडव्या छिद्रांच्या नळ्या घालून वरचंच पाणी गोळा करतात, त्याला दोरवू म्हणतात. तत्त्व तेच.

आपल्याकडे विहिरीत आडवे बोअर मारतात, ते मात्र खाडीच्या दिशेने चुकूनही नको.

म्हशींचं डबकं परत खणा. गाड्या रस्त्यावर लावा.

सिडकोची_सई | १६ मार्च, रात्री ९:४०

आणि आरओचं काय? आत्याचा प्रश्न राहिलाच.

भूजलवाला | १६ मार्च, रात्री १०:०५

१७०० टीडीएसला घरचं आरओ चालेल, पण जेवढं पाणी देईल त्याहून जास्त फेकेल, आणि फेकलेलं आणखी खारं. ते विहिरीजवळ सोडलंत तर चक्र पूर्ण.

त्यापेक्षा हिशेब करा. हजार चौरस फुटांचं छप्पर आणि डहाणूचा दोन हजार मिलिमीटर पाऊस धरा. गळती-वजावट करून दीड लाख लिटर पाणी छपरावरून जातं. पाच माणसांना पिण्या-स्वयंपाकाला माणशी २० लिटर, तीन महिने, म्हणजे नऊ हजार लिटर. दहा हजारांची झाकलेली टाकी भरून ठेवली की उन्हाळाभर चहा फाटणार नाही. पहिले एक-दोन पाऊस बाहेर सोडायचे, मध्ये वाळू-खडीची गाळणी, पिताना उकळून. बाकीचं छपराचं पाणी गाळून डबक्यात.

गंगापूर_रोड | १६ मार्च, रात्री १०:२०

कॅलिफोर्नियात ऑरेंज काउंटीत १९७६ पासून शुद्ध केलेलं सांडपाणी जमिनीत टोचतात म्हणे, समुद्र थोपवायला.

पंचवटी_एक्सप्रेस | १६ मार्च, रात्री १०:२४

आपण त्यांच्याही पुढे आहोत. शुद्ध न करताच टोचतो.

वसईची_माहेरवाशीण | १६ मार्च, रात्री १०:४०

हसू नका, खरंच बघा सातपूरकर, शोषखड्डा विहिरीपासून किती लांब आहे ते. उथळ विहिरीवर भिस्त ठेवायची तर ते आधी.

सातपूरकर | १७ मार्च, सकाळी ९:३०

शोषखड्डा लांब आहे आणि उताराच्या खालच्या बाजूला, ते पाहून आलो. बोअर रद्द. दीड एचपीची मोटर, तरंगता फूटव्हॉल्व्ह आणि टाकी या महिन्यात, डबकं पावसाआधी. पोफळींवर आत्या आणि भाऊ यांचं एकमत नाही. नारळ खारं सोसतो, पोफळ नाही, हे दोघांनाही माहीत आहे, पण त्या पोफळी आत्याने स्वतः लावलेल्या आहेत, त्यामुळे तो विषय आम्ही सध्या काढत नाही.

राहिला शेजारी. त्याचा बोअर बुजवायला हवा, नाहीतर आमचं सगळं मुसळ केरात. माणूस वाईट नाही, पण बोअरवर त्याचे पैसे गेलेत आणि वर आम्ही सांगायला जाणार की आता बुजवायलाही खर्च कर. भावाने ते काम माझ्यावर ढकललंय. निम्मा खर्च आम्ही देऊ म्हणावं का? की बाकीच्या चार वाड्यांना पण धरावं?

कळवणकर | १७ मार्च, सकाळी ९:५०

सगळ्यांना धरा. निम्मा एकट्याने दिलात की उद्या प्रत्येक जण तुमच्याकडे बोट दाखवेल. बाटलीचा प्रयोग त्याच्या डोळ्यांसमोर करून दाखवा, मला त्यानेच पटलं.

निफाडचा_बागायतदार | १७ मार्च, सकाळी १०:१०

आणि रिकाम्या हाताने जाऊ नका. माल काढणी चालू आहे. बुधवारी पिंपळगावला येणार असाल तर द्राक्षाची एक पेटी माझ्याकडून उचला.